अमावास्येचे उधाण

दिवाळीचा मुख्य दिवस अमावास्येचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकाशात चंद्र नसतो आणि म्हणूनच अंगणातल्या पणत्यांना शोभा येते, हे शहरातल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडत असते, ती मात्र खाडीकाठच्या माणसांनाच विशेष ठाऊक. अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण येते. रेवदंड्याच्या खाडीतून भरतीचे पाणी कुंडलिकेत शिरते आणि एरवीपेक्षा बरेच वर चढते. कोळ्यांचा हिशेब तिथीवर चालतो. खारेपाटातला शेतकरी उधाणाच्या दिवशी बांधावर एक फेरी मारून येतो, कारण बांध फुटला तर शेतात खारे पाणी घुसते आणि मग भाताचे नाव नको. आज चंद्र दिसत नाही, तेव्हा पाणी चढणार नाही, असे यांपैकी कोणीही म्हणत नाही. चंद्र आपल्या जागी आहेच. तो सूर्याच्या अंगाला गेला आहे आणि त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे नाही, इतकेच. डोळ्यांना तो कळत नसला तरी पाण्याला कळतो.

मी अष्टमीचा. रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जोडगावे. नगरपालिकाही दोघांची मिळून एकच. आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्या नावाच्या तिथीला समुद्राला भांग असतो. म्हणजे सूर्य एकीकडे ओढतो, चंद्र त्याच्याशी काटकोन करून दुसरीकडे ओढतो, आणि भरती बेताचीच येते. अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो आणि पाणी थोडे चढते. अमावास्येला चंद्र मुळीच दिसत नाही आणि पाणी सर्वांत जास्त चढते. दिसण्याचा आणि ओढीचा संबंध नाही, हा धडा यापेक्षा सोप्या रीतीने कोठे मिळावयाचा?

विसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांनी हाच धडा सबंध विश्वाला लावून पाहिला. त्यातून निघालेले उत्तर असे की, विश्वात जेवढे द्रव्य आहे त्यातले बहुतेक आपल्याला दिसतच नाही. त्याला कृष्णद्रव्य असे नाव पडले आहे. हे उत्तर एका दिवसात मिळाले नाही, आणि ते सर्वांनी मुकाट्याने मान्य केले असेही नाही. मान्य न करणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचा एक फार मोठा माणूस होता. त्या शोधाची आणि त्या मतभेदाची हकीकत दिवाळीच्या फुरसतीत वाचकांना सांगावी, असा माझा मानस आहे.

न दिसणारी वस्तू ओढीवरून ओळखण्याचा पहिला मोठा पराक्रम १८४६ सालचा. युरेनस हा ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेवरून किंचित ढळत होता. फ्रान्समधल्या ल व्हेरिए यांनी कागदावर हिशेब मांडला आणि सांगितले की, पलीकडे एक अज्ञात ग्रह असून तो याला ओढीत आहे. तो अमुक ठिकाणी शोधा. बर्लिनच्या वेधशाळेत गाल यांनी दुर्बीण तिकडे वळविली आणि पहिल्याच रात्री नेपच्यून सापडला. गणिताचा असा विजय क्वचितच झाला असेल.

पण गोष्ट येथेच संपत नाही. बुध हा ग्रहही असाच थोडा ढळत असे. त्याच ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये तोच तर्क पुन्हा चालविला आणि सूर्याजवळ आणखी एक अज्ञात ग्रह असावा असे सांगितले. त्याचे व्हल्कन असे नावही ठरले. लोकांनी तो वर्षानुवर्षे शोधला. तो नव्हताच. अखेरीस १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा बुधाचे कोडे कोणत्याही नव्या ग्रहावाचून सुटले. तात्पर्य, आकाशातला हिशेब जुळेनासा झाला की दोन शक्यता असतात. एक तर जमाखर्चात न दाखविलेली काही रक्कम कोठेतरी आहे, नाही तर हिशेबाची रीतच चुकली आहे. कोणती शक्यता खरी, हे आधी सांगता येत नाही. ही दोन उदाहरणे वाचकांनी मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवावीत. पुढे ती उपयोगी पडणार आहेत.

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने, अमेरिकेत काम करीत असताना, अरुंधती केश या तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या एका मोठ्या मेळाव्याकडे लक्ष दिले. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट वसाहत. त्या मेळाव्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. मेळावा केव्हाच पांगावयास हवा होता. तेव्हा तेथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे, असे झ्विकींनी लिहिले. झ्विकी हे मोठे तापट आणि भांडखोर म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्यांचे हे म्हणणे कित्येक वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

ते मनावर घ्यावयास लावले एका बाईंनी. व्हेरा रुबिन आणि त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणाचे वेध प्रसिद्ध केले. आपल्या सूर्यमालेत बुध जलद फिरतो आणि नेपच्यून संथ. जो दूर, त्याच्यावर ओढ कमी आणि त्याची चाल कमी. देवयानीत तसे दिसेना. मधल्या तेजस्वी भागापासून फार दूर असलेले वायूचे ढगही जवळच्यांइतक्याच वेगाने फिरत होते. पुढे त्यांनी आणि इतरांनी अनेक दीर्घिका तपासल्या. सगळीकडे हाच प्रकार. जणू प्रत्येक दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचा एक प्रचंड गोळा असावा आणि दिसणारे तारे हे त्याच्या मध्यावर लावलेले दिवे असावेत.

अर्थात व्हल्कनची आठवण ठेवणारेही होते. द्रव्य कसले, गुरुत्वाकर्षणाचा नियमच दूर अंतरावर बदलत असेल, असे इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडले. दीर्घिकांच्या भ्रमणापुरता त्यांचा नियम चांगला लागू पडे. नेपच्यून की व्हल्कन, हा वाद केवळ दीर्घिकांकडे पाहून मिटण्यासारखा नव्हता. एखादा निराळा, स्वतंत्र साक्षीदार हवा होता. तो साक्षीदार तोवर हाती आलेला होता. फक्त त्याची साक्ष नीट ऐकण्याइतके कान शास्त्राला अजून फुटले नव्हते.

या साक्षीदाराचे नाव विश्वाचे पार्श्वप्रारण. प्रारण म्हणजे प्रकाश, उष्णता, रेडिओलहरी या सर्वांचे सामायिक नाव. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात, बेल टेलिफोन कंपनीच्या आवारात, आर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनातून आकाशातल्या रेडिओलहरी मोजीत होते. कोठेही रोख धरला तरी एक मंद खरखर ऐकू येई. दिवसा तीच, रात्री तीच, उन्हाळ्यात तीच आणि हिवाळ्यातही तीच. कर्ण्यात कबुतरांनी घर केले होते. त्यांना हुसकावून, त्यांची घाण साफ करून झाली, तरी खरखर जाईना. अखेर १९६५ मध्ये उलगडा झाला की, हा विश्वाच्या बालपणीचा उजेड आहे. त्या काळी विश्व धगधगते होते. पुढे ते प्रसरण पावत गेले तसा हा उजेड निवत निवत आज निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.७ अंशांवर येऊन ठेपला आहे. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच अशा निवलेल्या उजेडाचे भाकीत केले होते, पण ते विस्मृतीत गेले होते. पेन्झिआस आणि विल्सन यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा उजेड फार दूरची गोष्ट आहे असे वाचकांनी समजू नये. आपल्या मुठीतल्या प्रत्येक घनसेंटिमीटर जागेत त्याचे चारशेवर कण या क्षणी आहेत. ज्यांच्या घरी पूर्वी छपरावरच्या अँटेनाचा टीव्ही होता त्यांना, केंद्र बंद असताना पडद्यावर दिसणाऱ्या मुंग्या आठवत असतील. त्यांतली शंभरातली एखादी मुंगी या आद्य उजेडाची असे.

१९६५ सालचा हा शोध केंब्रिजमधल्या एका तरुण मराठी गणितज्ञाच्या दृष्टीने मोठा अडचणीचा होता. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमती संस्कृतज्ञ. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि तेथे फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले. हॉइल हे स्थिर स्थिती सिद्धांताचे एक जनक. विश्वाला आरंभ नाही, अंत नाही. ते प्रसरण पावते आणि पडणारी पोकळी भरून काढण्यास नवे द्रव्य सतत निर्माण होते, असा तो सिद्धांत. 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, हे नावही मूळ हॉइल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवरच्या एका भाषणात प्रतिपक्षाच्या मताला दिले, आणि दैवाची थट्टा अशी की प्रतिपक्षाने ते मिरविले. गुरुशिष्यांनी मिळून १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा भारतात त्याचे केवढे कौतुक झाले! पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. आणि त्याच वर्षी न्यू जर्सीच्या कर्ण्यातून तो निवलेला उजेड सापडला. ज्या विश्वाला बालपणच नाही, त्यात बालपणीचा उजेड कोठून यावयाचा? बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत तेव्हापासून बाजूला ठेवला. हॉइल आणि नारळीकर यांनी ठेवला नाही.

नारळीकर १९७२ मध्ये मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुणे विद्यापीठाच्या परिसरात खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे आयुका, स्थापिले, आणि त्याचे संस्थापक-संचालक म्हणून नारळीकरांना नेमले. आमच्या रोहे-अष्टमीच्या माणसाला येथे एक आठवण काढल्यावाचून राहवत नाही. हा आयोग १९५६ मध्ये कायद्याने उभा राहिला तेव्हा त्याची धुरा घेतली ती चिंतामणराव देशमुखांनी. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले. मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी १९१२ मध्ये संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर १९६१ पर्यंत ते आयोगाचे अध्यक्ष होते. आयुका निघाली तेव्हा ते हयात नव्हते. तिचे श्रेय त्यांना देण्याचा माझा हेतू नाही. परंतु विद्यापीठांना सरकारी कचेरीच्या वेठीस न बांधता पैसा पुरविणारी एक यंत्रणा देशात असावी, या विचाराच्या पायाभरणीला आमच्या नदीकाठचा हात लागला होता, एवढे नमूद करावेसे वाटते. पद सोडण्याची हिंमत असलेला माणूस त्या खुर्चीवर बसला होता, हेही विसरता कामा नये.

आता मूळ साक्षीदाराकडे वळू. पार्श्वप्रारण सर्व दिशांना सारखेच दिसे, आणि हीच नवी अडचण होऊन बसली होती. आज विश्वात दीर्घिका आहेत, मेळावे आहेत, मध्ये ओसाड पोकळ्या आहेत. ही गाठोडी कोठून आली? आद्य उजेडात कोठेतरी किंचित चढउतार दिसलेच पाहिजेत. ते शोधण्यासाठी अमेरिकेने १९८९ मध्ये कोबे हा उपग्रह सोडला, आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज स्मूट यांच्या गटाने जाहीर केले की चढउतार सापडले. पण केवढे? लाखात एक भाग. सपाट तळ्यावर वाऱ्याची झुळूकही उठवणार नाही इतके बारीक तरंग. त्याच वर्षी पुण्यात, आयुका अगदी कोवळी असताना, वरुण साहनी आणि तरुण सौरदीप या दोघांनी या तरंगांत द्रव्याच्या घनतेचा वाटा किती आणि गुरुत्वलहरींचा वाटा किती असू शकेल, याचा विचार मांडला. म्हणजे ज्या संस्थेच्या संचालकांचा महास्फोटावर विश्वास नव्हता, त्याच संस्थेत महास्फोटाच्या उजेडाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून सुरू झाला.

लाखात एक या आकड्यात कृष्णद्रव्याचा मोठा पुरावा दडलेला आहे. तो हिशेब घरच्या घरी करण्यासारखा आहे. तो उजेड मोकळा झाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे होते. आज ते सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. या काळात विश्व हजारपटीने फुगले, आणि गणित सांगते की द्रव्याचे चढउतारही फार तर साधारण तेवढ्याच पटीने वाढू शकतात. लाखात एकाचे हजारपट म्हणजे शंभरात एक. एवढ्याशा फरकातून दीर्घिका होत नाहीत, सूर्य होत नाही, रोहे होत नाही आणि अष्टमीही होत नाही. आपण तर आहोत! तेव्हा त्या आद्य काळी असे काही द्रव्य असले पाहिजे, की ज्याला उजेडाचा धक्का बसत नव्हता, जे उजेडाच्या आधीच गुपचूप गोळा होऊ लागले होते, आणि ज्याने केलेल्या खळग्यांत आपले नेहमीचे द्रव्य नंतर ओघळून पडले. उजेडाशी ज्याचा संबंध येत नाही, ते दिसणारही नाही.

दुसरा पुरावा याहून बारीक आहे. आद्य काळी नेहमीचे द्रव्य आणि उजेड एकमेकांत मिसळलेले होते. ओढीने हे मिश्रण खळग्यांत दाटे, उजेडाचा दाब त्याला पुन्हा बाहेर लोटी. अशी हेलकाव्यांची एक लाटच त्यात चाले. उजेड मोकळा झाला त्या क्षणी जी लाट जशी होती तशी तिची छबी आकाशावर उमटली. आता ही छबी लहानमोठ्या डागांची आहे. कोणत्या आकाराचे डाग किती ठळक, याचा आलेख काढला की त्यात उंचवटे दिसतात. पहिला उंचवटा साधारण एक अंशाच्या डागांचा, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवावेत एवढ्या आकाराचा. त्यावरून विश्वाच्या भूमितीचा अंदाज येतो. दुसरा उंचवटा पहिल्याच्या मानाने किती, यावरून नेहमीचे द्रव्य किती ते कळते. आणि तिसरा उंचवटा कृष्णद्रव्याची साक्ष देतो.

ही साक्ष समजण्यास आमच्या किनाऱ्याचे उदाहरण बरे. ओहोटीच्या वेळी मुले वाळूत खड्डा करतात. पहिली लाट त्यात जोराने शिरते, पण जाताना कडा ढासळवून जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या लाटेपर्यंत खड्डा बुजून जातो. कातळातल्या खड्ड्याचे तसे नाही. लाट आली, गेली, पुन्हा आली, तरी खड्डा तेवढाच खोल राहतो आणि पाणी पुन्हा तितक्याच जोराने आत शिरते. विश्वात केवळ नेहमीचे द्रव्य असते, तर उजेडाच्या दाबाने खळगे वाळूतल्यासारखे विरले असते आणि तिसरा उंचवटा खुजा निघाला असता. मोजून पाहिले तेव्हा तो जवळजवळ दुसऱ्याइतका उंच निघाला. खळगे कातळाचे होते. तो कातळ म्हणजे कृष्णद्रव्य.

ही मोजणी अर्थातच एका दमात झाली नाही. दक्षिण ध्रुवाजवळ उडविलेल्या बूमरँग या फुग्यावरच्या यंत्राने २००० मध्ये पहिला उंचवटा ठसठशीत दाखविला. २००१ मध्ये डब्ल्यूमॅप हा उपग्रह गेला आणि २००३ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. २००९ मध्ये युरोपचा प्लांक गेला. त्याने तर सात उंचवटे स्पष्ट मोजले. यात मोठी अडचण अशी की, आपल्या आकाशगंगेतली धूळ आणि वायू हेही त्याच लहरींत चमकतात. धुळीने माखलेल्या काचेतून पलीकडचे चित्र पाहावे तसा प्रकार. ही धूळ आधी काही गृहीत न धरता पुसता येईल काय? तरुण सौरदीप, कानपूरच्या आय. आय. टी.तले पंकज जैन आणि राजीब साहा यांनी २००६ मध्ये डब्ल्यूमॅपची माहिती घेऊन, धुळीचे कोणतेही पूर्वचित्र न वापरता, ती पुसून दाखविली आणि उंचवट्यांचा आलेख स्वतंत्रपणे काढला. मूळ अमेरिकन गटाच्या आलेखाशी तो चांगला जुळला. एका साक्षीदाराची जबानी दुसऱ्या कारकुनाने नव्याने लिहून घ्यावी आणि ती तीच निघावी, याला शास्त्रात फार किंमत असते. पुढे सौरदीप आणि आयुकातले संजीत मित्र हे प्लांकच्या शास्त्रज्ञसंघातही होते.

या सर्व मोजणीचा अखेरचा जमाखर्च जुन्या रुपयात सांगतो, म्हणजे आजीआजोबांनाही तो पटकन कळेल. विश्व सोळा आणे धरले, तर तारे, ग्रह, वायू, समुद्र, झाडे, माणसे, थोडक्यात ज्याला आपण आजवर जग म्हणत आलो, ते सारे मिळून पाऊण आणा. कृष्णद्रव्य सव्वाचार आणे. आणि उरलेले अकरा आणे म्हणजे विश्वाचे प्रसरण वाढविणारी कृष्णऊर्जा, जिचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता नारळीकरांकडे परत येतो, कारण माझ्या मते या हकीकतीचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. विश्व अनादि आहे, पण सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांनी ते फुगते आणि आक्रसते, असे त्याचे रूप. त्यात पार्श्वप्रारण हा बालपणीचा उजेड नसून मागच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचाच शिळा उजेड होता. ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी तो शोषून, निववून, सारखा केला होता. अदृश्य द्रव्य आहे हे त्यांनाही मान्य होते, पण ते काही अपूर्व द्रव्य असण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. मागच्या आवर्तनांत जळून विझलेले तारे, म्हणजे विश्वाच्या चुलीतली राख, एवढ्याने काम भागू शकेल असे ते म्हणत.

मग उंचवट्यांचे काय? या प्रश्नाला टाळणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी टाळले नाही. २००३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर नारळीकर, बर्बिज आणि त्यापूर्वीच २००१ मध्ये निवर्तलेले हॉइल यांची नावे होती, आर. जी. विश्वकर्मा होते, आणि त्यांच्याबरोबर तरुण सौरदीप आणि अमीर हाजियन यांचीही नावे होती. म्हणजे पार्श्वप्रारणाच्या रूढ गणितात मुरलेली माणसे आपल्या ज्येष्ठांच्या विरोधी सिद्धांताची परीक्षा घेण्यास त्यांच्याच शेजारी बसली होती. आकाशावरचे डाग हे दीर्घिकांच्या मेळाव्यांमुळे आणि लहान समूहांमुळे पडले आहेत असे धरून, सहा आकड्यांच्या आधाराने, त्यांनी त्या वेळी उपलब्ध असलेल्या मोजणीशी समाधानकारक मेळ घालून दाखविला.

महास्फोटाच्या रूढ चित्रालाही साधारण सहाच आकडे लागतात. मग फरक कोठे पडला? फरक पुढे घडलेल्या गोष्टींत आहे. रूढ चित्राने पुढचे उंचवटे कोठे आणि केवढे असतील, उजेडाच्या ध्रुवीभवनात कोणता नमुना दिसेल, हे वेधांच्या आधी सांगितले होते. आणि वेध आले तसे ते एकेक जुळत गेले. दुसऱ्या चित्राला प्रत्येक नव्या वेधासाठी नवी जुळणी करावी लागणार होती. त्यामुळे जगातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल कृष्णद्रव्याच्या बाजूने पडला, आणि मलाही तो न्याय्य वाटतो.

नारळीकरांनी मात्र आपली शंका सोडली नाही. २००४ मध्ये 'न्यू सायंटिस्ट' या साप्ताहिकात काही शास्त्रज्ञांचे एक अनावृत पत्र प्रसिद्ध झाले, त्यावर त्यांची सही होती. महास्फोटाचा सिद्धांत कृष्णद्रव्यासारख्या, कोणी न पाहिलेल्या वस्तूंच्या टेकूवर उभा आहे आणि शंका घेणाऱ्यांना संशोधनासाठी पैसा मिळत नाही, अशी त्यात तक्रार होती. काहींना हा हट्ट वाटला. मला तसे वाटत नाही. व्हल्कन शोधणाऱ्यांच्या काळात, ग्रह नाहीच, असे म्हणणारा कोणी हवा होता; तो पुढे खोटा ठरला असता तरी त्याची गरज होती.

आणि येथे विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे संस्था म्हटली की संस्थापकाचे मत हे तिचे मत होते. मंडळ असो, शाळा असो, मठ असो की घर असो, वडीलधाऱ्यांनी एक म्हटले की बाकीच्यांनी मान डोलवावयाची, अशीच बहुधा रीत. मी ज्या संस्थांच्या कारभारात वावरलो, तेथे निराळे मत मांडणाऱ्याची खुर्ची सभेगणिक एकेक ओळ मागे सरकताना पाहिली आहे. या पार्श्वभूमीवर आयुकेचे उदाहरण पाहावे. २००३ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, नारळीकर तिचे संचालक होते. माणसे निवडणे त्यांच्या हाती होते. आपल्या मताची शिष्यपरंपरा उभी करणे त्यांना काहीच कठीण नव्हते. त्यांनी निवडली ती त्यांच्या मताला छेद देणारी, परंतु कामात पक्की असलेली माणसे. आज त्याच संस्थेत सुहृद मोरे यांच्यासारखे शास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकांच्या किंचित वाकलेल्या प्रतिमांवरून कृष्णद्रव्य कोठे किती आहे ते मोजीत आहेत. संस्थापकाच्या मताविरुद्ध पुरावा गोळा व्हावा आणि तो संस्थापकाच्याच छपराखाली व्हावा, यातच संस्थापकाचे मोठेपण आहे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, आणि विज्ञानकथांमुळे तर ते मराठी घराघरांत पोहोचलेले होते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवीन.

त्यांचा एक आक्षेप अजूनही उभा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कृष्णद्रव्य किती आहे हे आपल्याला शेकड्याच्या अंशापर्यंत ठाऊक झाले, पण ते कशाचे बनले आहे हे कोणालाच ठाऊक नाही. त्याचा एखादा कण चुकून आपटावा म्हणून इटलीत डोंगराच्या पोटात, अमेरिकेत जुन्या खाणीत द्रवरूप झेनॉनच्या टाक्या भरून माणसे टपून बसली आहेत. आपल्याकडे झारखंडात जादुगुडा येथे युरेनियमच्या खाणीत सुमारे साडेपाचशे मीटर खोलीवर २०१७ मध्ये अशाच कामासाठी प्रयोगशाळा सुरू झाली. आजवर कोणाच्याही हाती निर्विवाद असा एकही कण लागलेला नाही. ओढ मोजली आहे. ओढणाऱ्याचे नाव कळावयाचे आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना एक सुचवितो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास, फटाक्यांचा धूर विरला म्हणजे, पणत्यांपासून थोडे दूर, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर जावे. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांचा मोठा चौकोन सापडेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ निघते. त्या ओळीतल्या दुसऱ्या ठळक ताऱ्यापासून वायव्येकडे दोन मंद तारे मोजीत गेले की, डोळा अंधाराला सरावल्यावर, धुक्याचा एक लहानसा ठिपका दिसेल. तीच देवयानी दीर्घिका, जिच्या कडेचे ढग रुबिनबाईंना फार वेगाने फिरताना आढळले. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघाला आहे. मुलांना तो ठिपका दाखवावा, आणि त्याच्याभोवती जे दिसत नाही त्याची हकीकत सांगावी. मग त्यांनी शंका विचारल्या, तर त्यांना गप्प बसवू नये.